सायकालच्या वाट्याचा कान

एसेनकुल वारल्याला वर्ष झाले त्या दिवशी अंगणात लोकरीच्या नमद्याचा पांढरा तंबू उभा राहिला, एक घोडी आणि चार मेंढ्या कापल्या गेल्या, आणि दुपारी दोनपर्यंत कोणाच्याही हातून चूक झाली नाही. सगळी व्यवस्था मेदेरकडे होती हे लक्षात घेता ही गोष्ट नोंद घेण्यासारखी होती.

मेदेर हा एसेनकुलचा थोरला मुलगा. वर्षापूर्वी बापाच्या दफनासाठी मुल्लाला आणायला गेलेला तो वाटेत कोणाचा तरी बंद पडलेला ट्रॅक्टर दुरुस्त करत बसला होता, आणि आत-बाशीच्या खोऱ्यात ती हकिगत अजून शिळी झालेली नव्हती. म्हणून आज त्याची बायको अनारा हिने कामांचा क्रम पेनाने त्याच्या तळहातावरच लिहून दिला होता. मांस उतरवताना चरबीने तो पुसला गेला.

आता वाटणीची वेळ झाली होती. इथे मेंढीच्या प्रत्येक हाडाला दर्जा असतो, आणि ज्याला जे हाड मिळते ती त्याची जगातली जागा असते. कटीचे हाड सर्वांत ज्येष्ठ पुरुषाला, शेपटाजवळचे सर्वांत ज्येष्ठ बाईला, मग मांडी, मग नळी, असे खाली उतरत जायचे. डोक्याचे कान कापून घरातल्या मुलांना द्यायचे, म्हणजे मुले मोठ्यांचे ऐकतात. वाटणी थोरल्या मुलाने करायची. आजवर ती एसेनकुल करीत असे आणि मेदेर ताटे उचलीत असे.

दारासमोरच्या मानाच्या जागी मयताचा भाऊ तुर्गुनबाय बसला होता. वय ब्याऐंशी. त्याला ऐकू कमी येई, पण कोणाच्या ताटात कोणते हाड पडले हे शेवटच्या पाहुण्यापर्यंत दिसे. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालण्याचे काम सायकालकडे होते. घरातली दहा वर्षांची मुलगी, वेण्यांपैकी एक नेहमी सुटलेली. एका हातात तांब्याची झारी, दुसऱ्या हातात तस्त घेऊन ती म्हाताऱ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि पाणी ओतू लागली.

तंबूच्या माथ्यावरच्या गोल खिडकीतून ऊन येत होते. तस्तातल्या पाण्यावरून उडालेला कवडसा समोरच्या नमद्यावर थरथरत चढत होता. सायकालची नजर तिकडे गेली आणि तिकडेच राहिली. झारी कललेलीच होती. पाणी म्हाताऱ्याच्या बोटांवरून मनगटावर, मनगटावरून अस्तनीत, आणि अस्तनीतून मांडीवर गेले.

"अगं पोरी, हात धुवायला सांगितलं होतं," तुर्गुनबाय म्हणाला. "अंघोळ घालायला अजून मी मेलो नाहीये."

तंबू हसला. सायकाल भानावर आली, तेव्हा झारी रिकामी झाली होती.

मेदेरच्या हातात त्या क्षणी कटीचे हाड होते. मुलीची ती नजर त्याने पाहिली. ती नजर तो आतून ओळखत होता. हातातले हाड खाली ठेवून तो पंचा आणायला उठला, पंचा दिला, परत येऊन बसला, आणि जे ताट जवळ होते त्यात ते हाड ठेवले. ताट अनाराच्या भावाचे होते. भावाचे वय एकतीस. मग क्रमाने पुढे जात त्याने तुर्गुनबायच्या ताटात नळी ठेवली.

हसणे थांबले. अनाराच्या भावाने हातही न लावता ताटाकडे असे पाहिले, जणू त्यात जिवंत काही आहे.

"असू दे," तुर्गुनबाय म्हणाला. "माझी पायरी उतरवली तर उतरवली. भाऊ गेला की असंच होतं."

"काका, चुकलं माझं. थांबा, मी..."

"ताटात पडलेलं उचलू नको, ते आणखी वाईट." म्हाताऱ्याने मेंढीचे डोके स्वतःकडे ओढले, सुरी मागितली, कान कापला आणि सायकालपुढे धरला. "घे. नीट चावून खा. ह्या मेदेरला तू दादा म्हणतेस ना, त्यालाही मी असेच कान भरवले. डावा, उजवा, दोन्ही. काही उपयोग झाला नाही. जसा बाप तशी लेक."

बोलणाऱ्यालाच सर्वांत शेवटी कळले की आपण काय बोललो.

एसेनकुलची धाकटी मुलगी जिपार तंबूच्या दाराशी उभी होती. ती राजधानीच्या शहरात, बिश्केकमधल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, आणि मोजल्याशिवाय मत देऊ नये अशी तिची सवय आहे. भावाच्या लहानपणापासून आजवर या घरात मुलांना किती कान खाऊ घातले असतील याचा तिने मनात अंदाज केला: साठच्या खाली नाहीत. परिणाम शून्य. पण नोंद कोणी ठेवली नव्हती, त्यामुळे उपचार चालूच होता.

जे तुर्गुनबायच्या तोंडून निसटले ते तंबूतल्या प्रत्येकाला माहीत होते. मुलाचे पहिले अपत्य आजी-आजोबांनी आपले म्हणून वाढवायचे, ही इथली जुनी रीत. सायकाल चाळीस दिवसांची असताना एसेनकुलने तिला उचलून आपल्या बायकोच्या, बुरुलचाच्या, मांडीवर ठेवले, आणि ओळखीच्या कारकुनाकडून दाखला काढला: वडील एसेनकुल, आई बुरुलचा. तेव्हापासून सायकाल आजीला आई म्हणते, बापाला दादा आणि जन्मदात्रीला वहिनी. रीतीत वाईट काही नव्हते. फक्त ती मोठ्याने बोलायची नसते.

बुरुलचाचा रक्तदाब वाढला असणार, हे तिच्या गालांवरून जिपारला दिसले. गोळी आणायला ती घरात गेली. औषधांच्या कपाटात गोळीआधी तिच्या हाताला एक फाइल लागली, आणि फाइलीमागे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्यांची चार खोकी. तीन रिकामी.

फाइल सायकालची होती. जुलैत बुरुलचा तिला शहरात "डोळे दाखवायला" घेऊन गेली होती, असे सर्वांना सांगितले गेले होते. शाळेच्या बाईंनी तिसऱ्यांदा चिठ्ठी पाठवली होती: मुलगी हुशार आहे, पण वर्गात नसते, अर्धे गणित सोडवून खिडकीबाहेर पाहते, वह्या हरवते, हाक मारली तर दचकते. डॉक्टर मेंदूचा होता. जिपारने उभ्याउभ्याच अर्ज वाचला. अक्षर आईचे होते.

प्रसूतीच्या वेळी आईचे वय: एक्कावन्न. कुटुंबात असा त्रास: कोणालाही नाही.

खाली डॉक्टरचे निदान: उतारवयातील प्रसूती, जन्मावेळी मेंदूस इजा झाली असावी. चाळीस इंजेक्शने, एक दिवसाआड. डॉक्टर शहरात वाढलेला. त्याने कागदावर विश्वास ठेवला. खोऱ्यातला असता तर एक्कावन्न वाचून हसला असता आणि पुढचा प्रश्न विचारला असता.

"काय सापडलं?" दारात अनारा होती. हातात चहाच्या रिकाम्या वाट्यांचा डोंगर.

जिपारने कागद पुढे केला. अनाराने तो दोनदा वाचला. वाट्या तिने खाली ठेवल्या, सावकाश, एकही न वाजवता.

"म्हणून ती बसताना एका बाजूला कलते," ती म्हणाली. "मी विचारलं तर म्हणाली, वहिनी, पडले. तीस सुया, जिपार. जी इजा झालीच नाही तिच्यासाठी. मी बाळंत झाले तेव्हा तेवीसची होते. दोन तासांत झाली, रडत आली, सगळं नीट होतं."

"मला माहितीये."

"मग हे काय आहे तिला? तू सांग. तू शिकलीयेस."

"मी डॉक्टर नाही. रक्त तपासते."

"जिपार!"

जिपारने चष्मा काढून पुसला. "अंदाज सांगते, निदान नाही. एडीएचडी नावाचा प्रकार आहे. लक्ष नसतं असं नाही. लक्ष कुठे लावायचं आणि तिथून कधी काढायचं, याचा लगाम ढिला असतो. मुलगे उड्या मारतात, म्हणून लवकर कळतं. मुली अशा गप्प बसून हरवतात, म्हणून कोणाला कळत नाही. आणि ते बरंचसं रक्तातून येतं. उंचीसारखं. म्हणूनच डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, घरात कोणाला आहे का."

"आणि आईंनी लिहिलं, कोणालाही नाही."

"तिनं आई-बापांपुरतं लिहिलं, आणि तिच्या आणि बाबांच्या बाबतीत ते खरंच आहे," जिपार म्हणाली. "अर्जात खोटं एकच होतं. बाकी सगळं त्याच्यामागून आपोआप चुकलं."

अनाराने खिडकीतून तंबूकडे पाहिले. "मी तिला सोमवारी शहरात नेते. तू बरोबर चल. त्या डॉक्टरला मी सांगते, मी कोण."

"सही आईची लागेल. कायद्यानं तू तिची कोणी नाहीस. भावजय आहेस."

हे वाक्य अचूक होते. ते उच्चारल्यानंतर जिपारला वाटले की अचूकपणा थोडा कमी असता तरी चालले असते.

बुरुलचा आत आली ती मेदेरच्या दंडाला धरून. वर्षभराचा शोकाचा काळा रुमाल तिने आज सकाळी उतरवून पांढरा बांधला होता, आणि पांढऱ्यात ती जास्त म्हातारी दिसत होती. टेबलावरची फाइल पाहताच ती थांबली.

"माझं कपाट कोणी उघडलं?"

"मी, तुझी गोळी काढायला. आई, हे काय आहे?"

"औषध आहे. मुलीला औषध देते मी. तुला मूल झालं की तू दे."

"चुकीचं औषध आहे, आई."

"चुकीचं कसं? डॉक्टरनं लिहून दिलंय. पैसे घेतले त्यानं." बुरुलचा खुर्चीवर बसली. "आणि मी काय लिहायला हवं होतं? की माझी लेक माझी नाही?"

"हो," अनारा म्हणाली.

दहा वर्षांत सासूला तिने दिलेले हे पहिले उलट उत्तर. ते एका अक्षराचे होते.

मेदेर मध्ये पडला. आपण बायकोच्या बाजूने बोलणार असे त्याला वाटत होते, पण तोंडातून वेगळेच आले. "राहू दे ना, अनारा. डोक्याच्या डॉक्टरकडे नाव लागलं की आयुष्यभर लागतं. उद्या लग्न, नोकरी, गाडीचा परवाना... सगळीकडे विचारतात. थोडी वेंधळी आहे, एवढंच. मीही होतो."

"म्हणूनच म्हणते मी!" अनारा त्याच्याकडे वळली. "तू होतास? तू आहेस, मेदेर. चौतीस वर्षांत सात नोकऱ्या. गेल्या थंडीत धाकट्याला बालवाडीतून आणायला गेलास आणि बाजारातून रेडिओ दुरुस्त करून आलास. एकटाच! पोर तिथं पायरीवर बसलं होतं, बर्फात. मी तुला कधी काही बोलले नाही."

"बोललीस. तीन दिवस बोलत होतीस."

"त्याच्यापेक्षा जास्त बोलायचं होतं."

कोणी हसले नाही. बाहेर तुर्गुनबायच्या खोकल्याचा आवाज आला.

"तिनं ऐकलं का?" बुरुलचाने विचारले. "म्हातारा बोलला ते."

"कान खात होती," मेदेर म्हणाला. "माहीत नाही."

बुरुलचाने फाइल जवळ ओढली आणि तिच्यावर हात ठेवला. "बरी होईल का? तुझ्या त्या खऱ्या औषधानं?"

जिपारला खोटे बोलता आले असते. "बरं होत नाही आई, सांभाळता येतं. जगात ज्या गोळीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, ती आपल्या दुकानात मिळत नाही. दुसरी एक आहे, ती हळू चढते, आठवडे जातात. बऱ्याच मुलांना फरक पडतो, सगळ्यांना नाही. आकडा सांगू शकते, पण त्या आकड्यात सायकाल कुठे बसेल ते कोणीच सांगू शकत नाही. आणि नुसती गोळी पुरत नाही. काम तुकड्यांत द्यावं लागतं, वर्गात खिडकीपासून लांब बसवावं लागतं, घरच्यांना शिकावं लागतं. रोज. वर्षानुवर्षं. इथं ते शिकवणारं कोणी नाही. शहरात एक बाई आहे."

"म्हणजे शहरात राहावं लागेल."

"हो."

"हिच्याबरोबर."

"मेदेर आठवड्यातून चार दिवस मालाची गाडी घेऊन तिथेच असतो. ही कधीची तिथे खोली घेईन म्हणते. धाकटीही बरोबर जातील."

बुरुलचाने सुनेकडे पाहिले नाही. "म्हणजे तुमचं ठरलंय. वर्ष व्हायची वाट पाहत होतात. मी पांढरा बांधला आणि तुम्ही..."

जिपारने पर्समधून घडी केलेला कागद काढला. इस्पितळातल्या एका बालमनोविकारतज्ज्ञाकडून तिने तो महिन्यापूर्वीच आणला होता. देण्याचा धीर झाला नव्हता. "निदान एवढं तरी करू. पुढचं पुढे. हे प्रश्न बापाच्या लहानपणाबद्दल आहेत. बापाला स्वतःला ते नीट आठवत नसतं, म्हणून ज्यानं त्याला वाढवलं त्यानं उत्तरं द्यायची असतात. बाबा असते तर तुम्ही दोघं होतात. आता एकटी तूच आहेस."

बुरुलचाला प्रथम राग आला, मग त्या कागदातला डाव कळला. उत्तरे द्यायची म्हणजे मेदेरला बाप म्हणायचे. आणि तिने उत्तरे दिली नाहीत तर ती जगात दुसरे कोणी देऊ शकणार नव्हते. मेदेर खिडकीशी उभा होता, तळहातावरची पुसलेली शाई दुसऱ्या अंगठ्याने आणखी पुसत.

"वाच," ती म्हणाली.

"सात वर्षांचा असताना वस्तू हरवायचा का?"

"टोप्या. एका हिवाळ्यात पाच. पाचवी मी शिवली नाही. कान फुटले त्याचे थंडीनं."

"सांगितलेलं काम अर्धवट सोडायचा?"

"पाण्याला पाठवला तर संध्याकाळी यायचा, बादलीशिवाय. नदीत काय काय आहे ते सांगायचा मात्र सगळं. माशांची नावं ठेवली होती त्यानं."

"बसून अभ्यास करताना?"

पेन कागदावर टेकवून जिपार थांबली.

"बसायचा नाही," बुरुलचा म्हणाली. "म्हणून मी बांधायची. पलंगाच्या पायाला. घोड्याच्या केसांची दोरी होती, बाबांच्या खोगिराची. धडा पाठ होईपर्यंत. तू पाळण्यात होतीस, बाबा वर कुरणात, आणि शाळेतून रोज तक्रार. मला वाटलं, आळशी आहे. मला वाटलं, माझ्यात काही कमी आहे म्हणून माझं ऐकत नाही. एकदा विसरले. बांधलेला विसरले. शेजारी लग्न होतं. परत आले तेव्हा अंधार झाला होता."

मेदेरने खिडकीकडून तोंड वळवले. "ती दोरी खरी होती?"

"खरी होती."

"मला वाटायचं ते स्वप्न आहे. नेहमी पडायचं." त्याने डाव्या घोट्याकडे पाहिले, जणू तपासण्यासारखे तिथे काही उरले असेल. मग तो म्हणाला, "म्हणजे मी आळशी नव्हतो."

"बहुतेक नाही," जिपार म्हणाली. "तुलाही तपासता येईल. मोठ्यांनाही उपचार आहेत."

"परवान्याचं काय? एकदा तिथं नाव लागलं की गाडी चालवू देतील?"

जिपारने कागदाची कड सरळ केली.

"मग राहू दे," मेदेर म्हणाला. "चौतीस वर्षांनी कळलं. ते आता ठेवू कुठे? पोरीचं करा."

एकतीस प्रश्न होते. बुरुलचाने सगळ्यांची उत्तरे दिली, हळूहळू, एकही न गाळता, आणि प्रत्येक उत्तरागणिक मेदेर सायकालचा बाप होत गेला. अनारा भिंतीला टेकून ऐकत होती. जे मागायला ती दहा वर्षे थांबली होती ते तिच्या डोळ्यांसमोर तिला मिळत होते, आणि ते घ्यायला हात पुढे होत नव्हता. ही बाई आता या घरात एकटी राहणार, हे तिला ठाऊक होते. आपली मुलगी शहरात पहिल्या रात्री कोणाच्या नावाने रडेल, तेही.

शेवटची ओळ रिकामी होती: मुलीच्या आईचे नाव. जिपारने पेन बुरुलचाच्या हातात दिले.

"तू लिही ना," बुरुलचा म्हणाली.

"तुझ्या अक्षरात हवं. मागचा अर्ज तुझ्या अक्षरात आहे. नाहीतर तो म्हणेल, कोणावर विश्वास ठेवू?"

बुरुलचाने लिहिले. अनाराचे नाव तिने पूर्ण लिहिले, बापाच्या नावासकट, शाळेत शिकलेल्या गोल अक्षरात. मग खाली पालकाच्या जागी आपली सही केली. कागदाची घडी तिने स्वतःच घातली, दुसऱ्या कोणाला घालू दिली नाही.

"सोमवारी न्या," ती म्हणाली. "उरलेल्या सुया टाकून दे, जिपार. आणि शहरात तिला कान देऊ नका कोणी. बास झाले."

दार ढकलले गेले. उंबऱ्यात सायकाल उभी होती. ओल्या बाह्या, सुटलेली वेणी, आणि मुठीत काहीतरी. तिला तंबूतून कोणीतरी कशासाठी तरी पाठवले होते. मूठ उघडली तेव्हा तिच्यात मेंढीचा कान होता, एका कडेला चावलेला.

"आई," ती म्हणाली.

बुरुलचा अनाराकडे पाहत थांबली. अनारा बुरुलचाकडे. दोघींपैकी कोणीच ओ दिली नाही.

सायकालने थोडा वेळ वाट पाहिली. मग, नेहमीप्रमाणे, आपणच काहीतरी विसरलो असणार असे समजून तिने कान पुन्हा मुठीत धरला, ओशाळून हसली, आणि दार हलकेच ओढून ते आठवायला बाहेर गेली.